भावाचा प्रभाग

माझ्या भावाला नगरसेवक व्हायचं होतं. आमदार नाही, नगराध्यक्ष नाही. रिसोडमधल्या त्याच्या प्रभागाचा नगरसेवक, तोही एकदाच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कायद्याचं बरंच काही येईल आणि त्यात मूळ गोष्ट हरवायला नको.

मी वाशीमला वकिली करते. बहुतेक कामं दिवाणी. त्याशिवाय गेली बरीच वर्षं इथल्या एका छोट्या दैनिकात दर शनिवारी लिहिते. सरकारने कायदा बदलला, नवा शासन निर्णय आला, एखादा पक्ष फुटला आणि मूळ पक्ष कोणाचा यावर वाद झाला, सरपंचावर अविश्वास आला, जमिनीच्या तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती झाली, की त्यातलं सामान्य माणसाला काय लागू आहे आणि काय नाही ते सांगायचं, एवढंच माझ्या लेखाचं काम. पद्धत ठरलेली आहे. सोमवारी विषय, मंगळवारी मूळ कागद, बुधवारी मसुदा, गुरुवारी त्यातली अर्धी विशेषणं काढायची, शुक्रवारी दुपारच्या आत पाठवायचा. कामाची यादी केली नाही तर मला सकाळचा चहा गोड लागत नाही.

भावाचं रिसोडला मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळली की शेतकरी ती गाडीवर बांधून त्याच्याकडे आणत. रब्बीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार भरेपर्यंत माणसं तिथेच बाकावर बसून राहत, आणि शनिवार असला तर त्यांना माझा लेख ऐकावा लागे. भाऊ मोठ्याने वाचायचा. कलम आलं की थांबून आपल्या भाषेत समजावायचा. ते माझ्यापेक्षा सोपं असायचं आणि अधूनमधून साफ चुकीचंही. संध्याकाळी मला फोन यायचा.

"वकीलीणबाई, आजच्या लेखाले दोन चहा लागले."

"लांब झाला काय रे भाऊ?"

"लांब नाई व, कोरडा झाला. एक जन तं ऐकता ऐकता मोटार इथंच सोडून गेला."

प्रत्येक निवडणुकीत भाऊ सूचक असायचा. उमेदवारी अर्जावर एका मतदाराची सही लागते, की मी याचं नाव सुचवतो. ती सही भावाची. उमेदवार बदलत गेले, सही तीच राहिली. निवडून आलेला माणूस पुढच्या वर्षी दिसेनासा व्हायचा आणि लोक भावाकडे यायचे. पथदिवा बंद, नालीचा गाळ, नळाला दाब नाही. भाऊ दुकान चुलत पुतण्यावर सोडून त्यांच्याबरोबर कार्यालयात जायचा.

असंच एकदा एका म्हाताऱ्या बाईच्या निराधार पगाराच्या कामाला तो तिच्याबरोबर गेला होता. खिडकीमागच्या माणसाने विचारलं, "तुमी कोन?" प्रश्न साधा होता, अपमान करायचा म्हणून विचारलेला नव्हता. भाऊ म्हणाला, "मी यायच्या वार्डातला." "ते समजलं, पन तुमी कोन?" त्या दिवशी त्याने मला फोनवर सांगितलं, "बाई, एक डाव मले सांगता आलं पाह्यजे का मी कोन हाओ." त्यानंतर सगळं ठरलं. पक्षाच्या लोकांनी शब्द दिला. मी म्हटलं, पुढच्या निवडणुकीत तुझा सूचक मी शोधते. तो म्हणाला, "सूचक नको शोधू, मतं शोध."

आणि पुढची निवडणूक आलीच नाही.

राज्यातल्या नगरपालिकांच्या मुदती संपल्या, आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, प्रभाग किती आणि ते कोणी पाडायचे यावर कायदा इकडून तिकडे बदलला, आणि सगळीकडे प्रशासक बसले. म्हणजे एक अधिकारी, निवडून आलेलं कोणी नाही. मी यावर पुन्हा पुन्हा लिहिलं. न्यायालयाने काय म्हटलं, सरकारने काय म्हटलं, पुढची तारीख केव्हा. माझ्यासाठी तो विषय होता. भावासाठी ते त्याचं आयुष्य होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, पण लिहिताना मी विषयासारखंच लिहीत होते, कारण दुसऱ्या कोणत्या पद्धतीने लिहायचं मला येत नाही.

"काय म्हनते तुहं कोर्ट?" हा त्याचा ठरलेला प्रश्न.

"तारीख वाढली."

"काहून?"

"ऐकाले वेळ नाई भेटला."

"इथं नळाले चार दिवसाआड पानी येते, पन येते तं. निवडनूक तं येतच नाई."

ते वाक्य मी पुढच्या शनिवारी लेखात घातलं. दुपारीच त्याचा फोन.

"माह्यं वाक्य चोरलं तुनं."

"चोरलं नाही, दुरुस्त केलं."

"म्हंजे दुरुस्त करून चोरलं. दुकानात साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या अन् नाव तुह्यं."

दरम्यान त्याने तयारी सोडली नाही. संध्याकाळी दुकान बंद करून गल्लीगल्लीतून फिरायचा. कागद मी जमवत होते. पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय असल्याचा दाखला, मतदार यादीची प्रत. अपत्यांचं प्रतिज्ञापत्रही लागतं. दोनापेक्षा जास्त मुलं असतील तर आपल्याकडे पालिका लढवता येत नाही. भावाला आणि वहिनीला मूलबाळ झालं नाही. त्या कागदावर सही करताना तो म्हणाला, "या एका कलमात माह्याइतका पात्र उमेदवार पुऱ्या जिल्ह्यात भेटाचा नाई." वहिनी चहा घेऊन येत होती. तिने ऐकलं, ती हसली आणि कप ठेवून आत गेली. दाखले जुने झाले की मी नवे काढायचे. असं कितीदा झालं ते आठवत नाही.

प्रशासक बसल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचं जेवण कमी झालं. आधी आम्ही ऊन म्हटलं, मग पित्त म्हटलं. अकोल्याला दाखवलं, तिथून नागपूरला. जठरात गाठ होती आणि ती बाहेरही पसरली होती. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला खोलीच्या बाहेर बोलावून सांगितलं. वहिनी ऐकत होती. मी लिहून घेत होते. औषधांची नावं, केव्हा काय द्यायचं, पुढची तपासणी, रक्त कुठे मिळेल. डॉक्टर थांबले तेव्हा माझा कागद भरला होता आणि वहिनीने भिंतीला हात लावला होता.

भावाला आम्ही सगळं सांगितलं नाही आणि त्याला सगळं कळलं. तो डॉक्टरांना तारखा विचारत नसे, मला विचारायचा. कोर्टाची तारीख. "आता किती लांबन?" मी सांगायचे की पुढच्या महिन्यात ऐकणार आहेत. तो बोटांवर काहीतरी मोजायचा आणि मान हलवायचा. माझ्या टेबलावर त्या दिवसांत दोन तारखा शेजारीशेजारी असत, एक दिल्लीची आणि एक नागपूरची. दोन्हींविषयी जे मला माहीत होतं ते त्याला सांगायला मी एकटीच होते.

मग न्यायालयाने सांगितलं की निवडणुका घ्या. बातमी आली तेव्हा मी कोर्टाच्या आवारात होते. लेख नंतर, आधी त्याला फोन लावला. कोर्टाने काय म्हटलं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "आता खरंच म्हनून राह्यले का कोर्टातलं म्हनून राह्यले?"

"खरंच."

"मंग मले जराशी भाकर दे म्हन तुह्या वहिनीले."

त्या आठवड्यात तो जेवला. खरंच जेवला. मी नागपूरला फोन करून विचारलं की याचा काही अर्थ घ्यायचा का. डॉक्टरांनी फार काळजीपूर्वक उत्तर दिलं.

प्रभागांच्या आरक्षणाची सोडत सभागृहात निघते. कोणता प्रभाग कोणासाठी राखीव, ते एका शाळेतल्या मुलीच्या हाताने चिठ्ठी काढून ठरतं. भाऊ येणारच म्हणाला. मी वाशीमहून सकाळच्या एसटीने गेले. त्याच्या अंगावर शाल, शर्ट दोन मापं मोठा वाटत होता. लोक उठून खुर्ची देत होते. त्याच्या प्रभागात दोन जागा. एक अनुसूचित जातीसाठी आधीच गेली होती, तिथे आमचा प्रश्न नव्हता. राहिली एक. मुलीने चिठ्ठी काढली, अधिकाऱ्याने उलगडून दाखवली आणि वाचली: सर्वसाधारण महिला.

सभागृहातल्या बऱ्याच माना आमच्याकडे वळल्या. भाऊ हसला. मागून एकजण लगेच म्हणाला, "काई टेन्शन नाई भाऊ, वहिनीले उभं करा. काम तं तुमीच करसान." दुसऱ्याने तर बॅनरवर कोणाचा फोटो किती मोठा लावायचा तेही सांगितलं.

आता मला माझ्याच लेखांविषयी सांगावं लागेल. महिलांसाठी राखीव जागेवर बायकोला उभं करायचं आणि कारभार नवऱ्याने पाहायचा, बैठकीला नवऱ्याने बसायचं, सहीपुरतं बायकोला बोलवायचं, याविरुद्ध मी जितकं लिहिलं तितकं दुसऱ्या कशाविरुद्ध लिहिलं नसेल. कायदा काय म्हणतो, परिपत्रकं काय सांगतात, कोणाकडे तक्रार करता येते, सगळं. भावाने हे लेख दुकानात वाचले होते आणि बाकावरच्या नवरोबांची खेचली होती.

परतताना ऑटोत आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला.

"तुनं लिहिलं नाई का, नगरसेविकेचा पती नसला पाह्यजे."

"कारभारात नसला पाहिजे म्हटलं मी."

"तेच म्हनतो. मी तं तसाही राहात नाई. ती एकटीच राहीन मंग. पती नसलेली नगरसेविका. बसते का तुह्या लेखात?"

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. मी भावाला म्हटलं, असं बोलू नको. तो म्हणाला, "बरं, नाई बोलत. पन कायद्यानं बसते ना?" मी म्हटलं, बसते. मग तो म्हणाला, "तिले मी इचारतो."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा म्हणाला, "तू कागद तं कर." मी त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला. कामाला लागले. वहिनीच्या नावाचे सगळे दाखले नव्याने. भावाने तिचं आधार कार्ड स्वतः माझ्या हातात दिलं. अडलं एकाच ठिकाणी. निवडणुकीच्या खर्चासाठी उमेदवाराला वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि त्याला वहिनीने बँकेत यायला हवं होतं. "उद्या जाऊ ताई." "आज त्याईले उलटी झाली." "आज पाहुने हायेत." मला वाटलं, बरोबर आहे, घरात आजारी माणूस आहे. खात्यापुढे मी फुली मारली नाही, बाकी सगळीकडे मारली.

अर्ज भरण्याच्या तारखा जाहीर झाल्या आणि त्या सुरू होण्याच्या आधीच भाऊ गेला. दुपारची वेळ होती, घरीच. वहिनी त्याला पाणी पाजत होती. मी वाशीमला एका वाटणीच्या दाव्यात युक्तिवाद करत होते. बाहेर येऊन फोन पाहिला. न्यायाधीशांकडे जाऊन पुढची तारीख मागितली, अशिलाला समजावलं, फाइल बांधली, ऑटो केली, मिळाली ती जीप पकडली. सगळं व्यवस्थित केलं. पोहोचले तेव्हा त्याला खाली घेतलं होतं. दुकानाच्या बाकावर बसणारे कितीतरी लोक अंगणात उभे होते.

अग्नी पुतण्याने दिला. घरात चूल बंद, शेजारून डबे येत होते. वहिनी आतल्या खोलीत भिंतीशी बसलेली, भोवती बायका. कोपऱ्यात दिवा. आणि बाहेर ओसरीवर, दोन-तीन दिवस गेल्यावर, पक्षाची माणसं आली. त्यांच्याकडे एबी फॉर्म होता, म्हणजे पक्षाचं ते पत्र, ज्याने उमेदवार अधिकृत ठरतो. नाव भरायचं बाकी होतं. भावाला दिलेला शब्द आम्ही पाळणार, वहिनींना लोक डोळे झाकून मत देतील, असं ते म्हणाले. त्यांच्यातल्या एकाचे डोळे खरोखर भरून आले होते. त्याच्या अर्जावर भावाने एकदा सूचक म्हणून सही केली होती.

अडचण काकांची होती. वडिलांचे धाकटे भाऊ, आता घरात तेच मोठे. अर्जाची शेवटची तारीख तेरवीच्या आत येत होती.

"तेरवी होईलोक बाई उंबऱ्याच्या भायेर जात नाई," काका म्हणाले. "आपल्यात नाई जात."

"काका, बाहेर जायची गरजच नाही. अर्ज सूचक नेऊन देऊ शकतो. प्रतिज्ञापत्राले नोटरी घरी येतीन."

"नोटरी घरात? दुखवट्यात? अन् थे बँकेचं?"

"मॅनेजरले मी बोलतो. ते मानूस पाठवतीन."

"लोक काय म्हनतीन? नवऱ्याची राख गरम हाये अन् हे इलेक्शन लढून राह्यली."

मग मी बोलले. विधवेला कोपऱ्यात बसवण्याच्या प्रथा बंद करा असं सरकारनेच गावोगावी कळवलं आहे, मी त्यावर लिहिलं आहे, तुम्ही तो लेख वाचलाही आहे. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू कायद्यानं बोलतं, मी घरानं बोलतो." मी म्हटलं, घर भावाचं आहे आणि भावाची हीच एक इच्छा होती. काकांनी अंगणाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "तुले जे बराबर वाटते थे कर बाप्पा. माह्यातं आता भांडाचं बळ नाई."

मी जिंकले होते. ते वाटणं मला अजून आठवतं, आणि त्याची लाज वाटत नाही. त्या तीन-चार दिवसांत मला वाटलेली तेवढी एकच गोष्ट होती. मी नोटरीला वेळ दिली, सूचकाला थांबायला सांगितलं, कागद क्रमाने लावले आणि आत गेले. बायकांना म्हटलं, जरा बाहेर बसता का. दार लोटलं.

"वहिनी, इथं अन् इथं सही करा. बाकी सारं झालं. काकाईले समजावलं. तुमाले उठाची बी गरज नाई."

वहिनीने कागदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, त्याईनं तुमाले सांगतलंच नाई ना."

"काय?"

"मी नाई म्हटलं होतं त्याईले."

मला आधी वाटलं ती आत्ताचं बोलते आहे. दुःखात आहे. मी म्हटलं, "वहिनी, आज थोडं जड जाईल, पण..."

"आजचं नाई सांगून राह्यली. चिठ्ठी निंघाली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगतो. मले म्हने, उभी राह्यतं का? मी म्हटलं, नाई. म्हने, काहून? म्हटलं, तुमी हयातभर लोकाईच्या कामाले गेले. मले एक दिवस नाई वाटलं का आपन जावं. मले घर आवडते, माह्या म्हशी आवडतात. आता तुमी चालले म्हनून मी जाऊ? लोकं मले पाहून तुमाले मत देतीन. मंग पाच वर्स मी तुमच्याच नावानं बोलत राहू काय?"

"भाऊ काय म्हणाला?"

"हासले. म्हने, बराबर हाये तुह्यं. बाईच्या लेखात बी हेच लिहून राह्यते. मंग म्हने, बाईले एवढ्यात सांगू नको."

"काहून?"

"म्हने, तिनं कागद कराले घेतले. करू दे. कागद सरले का थे माह्याकडं पाहाले लागीन, मंग तिले झेपाचं नाई."

बाहेर कोणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला. मी फाइल हातात धरून उभी होते की बसलेली, तेही आठवत नाही. तो मला कागदांत गुंतवून ठेवत होता. दर रविवारी मी नवा दाखला दाखवायचे आणि तो चष्मा लावून वाचायचा, एकदा शिक्क्याची तारीख पुसट आहे म्हणून परत पाठवलं होतं त्याने मला. त्या सगळ्या वेळी त्याला माहीत होतं की हा अर्ज कोणी भरणार नाही.

वहिनी म्हणाली, "तुमाले राग आला काय?"

"नाई."

"मले रडू बी देऊन नाई राह्यले कोनी. जो येते थो फॉर्मचं बोलते."

मी बाहेर आले. पक्षाच्या माणसांना सांगितलं की अर्ज भरायचा नाही. ते म्हणाले, आम्ही एकदा वहिनींशी बोलतो. मी म्हटलं, नाही, बोलायचं नाही. घरचा निर्णय आहे. एवढंच. खरं कारण सांगितलं असतं तर प्रभागातल्या सगळ्या बाया-माणसांनी येऊन तिच्यापुढे बसून तिला पटवलं असतं. भावाच्या नावाने पटवलं असतं. तिचा तो नकार दोन तासही टिकला नसता.

काका मान हलवत म्हणाले, "समजलं ना शेवटी. रीत हाये थे उगीच नसते." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना वाटलं पोरगी शहाणी झाली. पक्षाच्या लोकांनाही तेच वाटलं, आणि मग सगळ्या गावाला: वकीलीण एवढं लिहिते, पण स्वतःच्या घरात तेरवीच निघाली मोठी. पुढे माझ्या एका लेखावर कोणीतरी तसं लिहूनही पाठवलं. मी उत्तर दिलं नाही. मी ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं लिहीत आले, की बाईने काय करायचं ते बाईने ठरवावं, ती गोष्ट माझ्या घरात घडली होती, आणि ती घडू द्यायची तर काका जिंकले असं सगळ्यांना वाटू देणं भाग होतं. आता निवडणूक होऊन गेली, त्या जागेवर दुसरी कोणी निवडून आली, वहिनीने लिही म्हटलं, म्हणून लिहिते आहे.

नोटरीला फोन करून येऊ नका म्हटलं. सूचक म्हणून थांबलेल्या माणसाला घरी पाठवलं. मग करायला काही उरलं नाही. हे असं मला कधी झालेलं नव्हतं. मी ओसरीवर उभी राहिले, अंगणात गेले, म्हशींना पाणी आहे का पाहिलं, होतं, परत आत आले.

वहिनी तशीच बसली होती. तिने चटईवर थोडं सरकून जागा केली. मी बसले.

आणि मला एक रविवार दिसायला लागला. शेवटचा नव्हे, त्याच्या आधीचा. मी निघायच्या गडबडीत होते. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. वर्षानुवर्षं तांब्याच्या तारेने कापलेली त्याची बोटं. त्यांवरचे चिरे कधी भरत नसत. ते सगळे भरले होते. कातडी लहान मुलासारखी गुळगुळीत झाली होती, कारण कितीतरी महिने त्याने तार हातात धरली नव्हती. मी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि नोंद घेतली नव्हती. तो कूस बदलून म्हणाला होता, "बस ना जराशी."

मी म्हटलं होतं, "येते रे, झेरॉक्सवाला दुकान बंद करीन."

"बरं, जाय मंग," तो म्हणाला होता.

वहिनी आता मोठ्याने रडत होती. दाराबाहेरच्या बायका आत येऊ लागल्या तेव्हा त्यांना आम्हा दोघींना धरावं लागलं.